पाणमांजराच्या पित्ताशयात

स्टीलच्या टेबलावर पाणमांजर उताणं ठेवलं आहे. मादी आहे. उणे 20 अंशांच्या फ्रीझरमधून काढून तिला सावकाश वितळू दिलंय, तरी पोटावरच्या दाट केसांत बोट घातलं की खोलवर गारवा लागतो. पिशवीवरच्या चिठ्ठीत तारीख आहे, नकाशावरचे आकडे आहेत आणि ठिकाण आहे: सॉमरसेटच्या पाणथळ सखल भागातला, एका पुलाजवळचा रस्ता. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात कुणीतरी पेन्सिलनं ‘गाडी’ एवढंच लिहून ठेवलंय.

मी कार्डिफ विद्यापीठाच्या पाणमांजर प्रकल्पाच्या शवविच्छेदनाच्या खोलीत उभा आहे. 1992 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये मेलेली सापडणारी पाणमांजरं तपासणीसाठी या प्रकल्पाकडे येतात. शिकारी नाही, सापळे नाहीत. रस्त्यानं जाणारी माणसं गाडी थांबवतात, फोन करतात, आणि कुणीतरी ते जनावर उचलून थंड पेटीत घालून पाठवतं. अशी हजारो जनावरं आजवर या टेबलावरून गेली आहेत.

“नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत?” नोंदी घेणारा विद्यार्थी विचारतो.

“102 सेंटिमीटर,” संशोधिका टेप न सोडता सांगते. “वजन सहा किलोच्या थोडं वर. सुळे झिजायला लागलेत, पण तुटलेला एकही नाही. पूर्ण वाढलेली मादी लिही.”

ती पाय एकेक करून तपासते. पाचही बोटांमधले पडदे ताणून उजेडात धरते, तळव्यांवर चावल्याच्या खुणा आहेत का ते बघते. पाणमांजरं आपापसात भांडतात तेव्हा तोंड, पाय आणि जननेंद्रियांजवळ चावे घेतात. त्या जखमांचीही नोंद ठेवली जाते. हिच्या अंगावर तशी जखम नाही. डाव्या बरगड्या मात्र हाताखाली सैल सरकतात.

“तिथे पाणी चढलं होतं त्या आठवड्यात,” संशोधिका म्हणते. “पाणी चढलं की हमखास असे फोन येतात.”

कारण मी विचारण्याआधीच ती सांगते. नदी शांत असते तेव्हा पाणमांजर पुलाखालून पोहत जातं. पूर आला, कमानीखालून पाणी जोरात धावायला लागलं, की ते काठावर चढतं आणि रस्ता ओलांडून पलीकडे उतरायला बघतं. म्हणून अनेक पुलांखाली आता पाण्याच्या वर राहणारी अरुंद फळी किंवा कट्टा बांधतात, म्हणजे जनावर कोरड्या पायानं खालूनच निघून जाईल. कुठल्या पुलाला तो कट्टा हवा, हे याच चिठ्ठ्यांवरून कळतं.

सुरी हनुवटीखालून पोटाच्या टोकापर्यंत एका रेषेत जाते. कातडीखाली पांढऱ्या चरबीचा थर दिसतो. खाऊन-पिऊन चांगली होती ही. छातीत रक्त साकळलंय. गर्भाशय कात्रीनं उघडून संशोधिका दिव्याखाली नेते आणि बोटानं दोन काळसर ठिपके दाखवते. वार जिथे चिकटलेली असते तिथे राहणाऱ्या या खुणा. म्हणजे हिला दोन पिल्लं झाली होती. पिल्लं साधारण वर्षभर आईबरोबर राहतात, तिच्याकडून मासे धरायला शिकतात. ती दोन कुठे असतील, ती किती मोठी झाली असतील, हे इथे कुणाला सांगता येत नाही. विद्यार्थी ‘दोन’ असा आकडा लिहितो आणि क्षणभर पेन तसंच धरून ठेवतो.

मग पोट. जठरात माशांची हाडं आहेत. चाळणीवर पाणी सोडून ती धुतली जातात. बारीक मणके, खवल्यांचे तुकडे आणि वाकडे, चिमुकले दात. कार्प कुळातल्या माशांना जबड्यात दात नसतात, ते घशात असतात, आणि त्यांच्या आकारावरून माशाची जात ओळखता येते. हे दात रोच नावाच्या माशाचे आहेत. युरोपच्या संथ नद्यांत हा मासा मुबलक. आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातला, आकारानं लहान.

“हे लक्षात ठेवा,” संशोधिका मला म्हणते. “आता यकृताकडे येऊ.”

मी पशुवैद्य आहे. तळ्याकाठचं गवत आणि भाताचा पेंढा खाणाऱ्या गुरांच्या यकृतातला पर्णकृमी मी शिकत होतो तेव्हापासून बघत आलोय: नखभर रुंद, चपटा, पित्तनलिकेत रुतून बसलेला. जनावर खंगतं, जबड्याखाली पाणी उतरतं. त्यामुळे यकृत उचललं जातं तेव्हा माझा हात आपोआप पुढे होतो. पाली एकेक करून उलटल्या जातात. वरचा पृष्ठभाग बहुतेक ठीक आहे, एका कडेला मात्र पांढरट व्रणाच्या रेषा आहेत.

पित्ताशय दिसतं तेव्हा तिघंही खाली वाकतो.

निरोगी पाणमांजराचं पित्ताशय पातळ भिंतीचं असतं, आतल्या पित्ताचा हिरवा रंग बाहेरून दिसतो. हे तसं नाही. भिंत जाड झाली आहे, राखाडी-पांढरी, अपारदर्शक. बोटांत धरलं तर भरीव लागतं. नळीसुद्धा नेहमीपेक्षा रुंद आहे. संशोधिका काचेच्या बशीत ते ठेवते, कात्रीनं लांबीत उघडते. गडद, चिकट पित्त पसरतं, त्यात काळपट कणकण आहेत. खारट द्रावणानं ती आतली बाजू पुन्हा पुन्हा धुते, धुतलेलं पाणी दुसऱ्या बशीत घेते आणि बशी मायक्रोस्कोपखाली सरकवते.

“बघा.”

मी डोळा लावतो. प्रकाशाच्या वर्तुळात पिवळसर, चपटे जीव पडलेत. एक टोक निमुळतं, दुसरं अचानक कापल्यागत आडवं. तिळाच्या आकाराचे, पण तिळाहून लहान. लांबी दोन मिलिमीटरच्या आसपास. फ्रीझरच्या थंडीत तेही मेलेत, त्यामुळे हालचाल नाही. पण शरीर इतकं पारदर्शक आहे की आत वळ्यावळ्यांनी भरलेली अंडी दिसतात. एकाच कृमीत नर आणि मादी दोन्ही इंद्रियं. विद्यार्थी हातातल्या मोजयंत्राचं बटण दाबत मोजायला लागतो. टकटक चालू राहते. चाळीस ओलांडून पुढे जातो आणि बशी थोडी फिरवतो.

याचं नाव स्यूडॅम्फिस्टोमम ट्रंकॅटम. माणसांच्या यकृतात राहणाऱ्या आशियातल्या पर्णकृमींच्याच कुळातला, ऑपिस्थॉर्किडी कुळातला.

रोचचे ते घशातले दात इथे जोडले जातात. या मादीच्या विष्ठेतून कृमीची अंडी बाहेर पडत होती. पाणमांजर विष्ठा कुठेही टाकत नाही. ठरलेल्या दगडावर, पुलाखालच्या कट्ट्यावर, ओढ्याच्या संगमावर टाकतं. इतर पाणमांजरांसाठी ती आपल्या वावराची खूण असते. पाऊस ती खूण धुऊन पाण्यात नेतो. एक मिलिमीटरच्या तिसाव्या भागाएवढं अंडं गाळात बसतं आणि गोड्या पाण्यातली एखादी बारीक गोगलगाय ते खाते. गोगलगायीच्या शरीरात अंड्यातल्या जीवाचे अनेक जीव होतात. शेपटीवाली पिल्लं बाहेर पडतात आणि पोहत कार्प कुळातला मासा गाठतात. कातडीतून आत शिरतात, शेपटी टाकून देतात, माशाच्या स्नायूंत कवच करून थांबतात. पाणमांजर तो मासा खातं. पचनात कवच विरघळतं, कोवळा कृमी आतड्यातून पित्तनलिकेत चढतो आणि पित्ताशयात येऊन स्थिरावतो.

गुरांच्या पर्णकृमीपेक्षा ही वाट वेगळी आहे. त्याचं पिल्लू अंड्यातून निघून स्वतः गोगलगायीत घुसतं, आणि शेवटी गवतावर कवच करून बसतं. इथे गोगलगायीला अंडंच गिळावं लागतं, आणि मग मासा लागतो, आणि मासा खाणारं जनावर लागतं. या तिघांतलं एकही नदीतून नाहीसं झालं तर साखळी तुटते. मायक्रोस्कोपखाली पडलेले हे चाळीसएक जीव म्हणजे सॉमरसेटच्या त्या पाण्यात गोगलगायी आहेत, मासे आहेत आणि पाणमांजर पुन्हा आहे, याचा पुरावा आहे.

‘पुन्हा’ म्हणायचं कारण ही जनावरं इथून जवळजवळ गेली होती. 1950च्या दशकाच्या अखेरीस डिल्ड्रिनसारखी कीटकनाशकं शेतांतून नद्यांत उतरली, माशांत साठली, माशांतून पाणमांजरांत. इंग्लंडच्या बहुतेक भागांतून ती दिसेनाशी झाली. ती रसायनं टप्प्याटप्प्यानं बंद झाली. 1978 मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये पाणमांजराला कायद्याचं संरक्षण मिळालं. हळूहळू पश्चिमेकडून पूर्वेकडे ती परतत गेली. 2011 मध्ये इंग्लंडच्या पर्यावरण खात्यानं जाहीर केलं की आता प्रत्येक परगण्यात पाणमांजर आहे. शेवटचा परगणा केंट.

आणि ती परतत असतानाच पित्ताशयं जाड झालेली सापडू लागली. कॉर्नवॉलमधले वन्यजीवांचे पशुवैद्य व्हिक सिम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये या कृमीमुळे पाणमांजरांच्या आणि मिंक या त्यांच्या नात्यातल्या जनावराच्या पित्ताशयाला आलेल्या सुजेचं वर्णन प्रसिद्ध केलं. ब्रिटनमध्ये तेव्हा सगळ्यांना पडलेला प्रश्न एकच: हा आला कुठून? संशय दोन परक्या माशांवर गेला. सनब्लीक आणि टॉपमाउथ गजन. हौसेनं आणि मत्स्यपालनातून आणलेले, मग पाण्यात सुटलेले. सनब्लीक तर सॉमरसेटच्या पाण्यात भरपूर झालेला.

“आम्ही मग इथलीच पित्ताशयं घेऊन बसलो,” संशोधिका ‘आम्ही’ म्हणते, ती तेव्हा शाळेत असणार; प्रकल्पात आलेला प्रत्येक जण ‘आम्ही’ असंच बोलतो. शेरार्ड-स्मिथ, केबल आणि चॅडविक यांनी 2009 मध्ये इंग्लंड-वेल्सचा नकाशा मांडला. त्यात एक नव्हे, दोन कृमी निघाले. ट्रंकॅटम दूरवर पसरलेला, तर मेटॉर्किस नावाचा त्याचा भाऊबंद पूर्वेकडच्या नॉर्फक, सफक आणि उत्तर एसेक्सच्या पाणमांजरांत. पुढे युरोपातल्या अनेक देशांतली पाणमांजरं आणि मिंक तपासून कृमींची जनुकं ताडून पाहिली, तेव्हा दोघंही खंडभर पसरलेले दिसले. एका माशाला दोषी धरण्याइतकी गोष्ट सोपी राहिली नाही.

“लिहून झालं?” ती विद्यार्थ्याला विचारते.

“झालं. पण या मापाची भिंत आणि एवढेच कृमी?”

“आधी जास्त असतील. जुने मरून गेले असतील. व्रण मात्र राहतो.” ती जाड भिंतीचा चौकोनी तुकडा कापून फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकते. “बहुतेक पाणमांजरांत एकही कृमी नसतो किंवा अगदी थोडे असतात. मोजक्याच जनावरांत गर्दी होते. परजीवींचं सगळीकडे असंच असतं. म्हणून एका पाणमांजरावरून काही ठरवायचं नाही.”

पलीकडच्या टेबलावर एक छोटी पिशवी आहे. तपकिरी, मांजरापेक्षा बारीक जनावर. अमेरिकन मिंक. केसांसाठी 1929 पासून ब्रिटनच्या पिंजऱ्यांत वाढवलं गेलेलं, पळून सुटलेलं. 1956 मध्ये डेव्हनमधल्या टीन नदीवर त्याची पिल्लं जंगलात जन्मल्याची खात्री झाली. तेही मासे खातं, त्याच्याही पित्ताशयात हाच कृमी सापडतो. एकाच नदीत एक देशी आणि एक परदेशी जनावर, आणि दोघांतून तीच अंडी पाण्यात जातात.

पाणमांजर आणि मिंक ज्या विझल कुळातले, त्यातल्या इतर जनावरांतही असे पर्णकृमी असतात. संशोधिका संगणकावर एक चित्र उघडते: मध्य युरोपातल्या पोलकॅटची कवटी, डोळ्यांच्या वर कपाळाचं हाड फुगलेलं आणि भोकं पडलेलं. ट्रोग्लोट्रेमा नावाचा पर्णकृमी कपाळाच्या पोकळीत राहतो आणि हाड झिजवतो. पोलकॅटला तो बेडकातून मिळतो. उत्तर अमेरिकेत मिंकच्या फुप्फुसात पॅरागोनिमस जोडीजोडीनं गाठी करून राहतो; तो खेकड्याच्या नात्यातल्या क्रेफिशमधून येतो. त्याच पॅरागोनिमसचे भाऊबंद मणिपुरात कच्चे किंवा अर्धे शिजलेले खेकडे खाणाऱ्या माणसांच्या फुप्फुसात सापडले आहेत, आणि खोकल्यातून रक्त पडतं म्हणून त्यांना क्षय समजलं गेलं आहे. मासा, बेडूक, खेकडा: कोण काय खातं, त्यावर कृमीचं घर ठरतं.

ट्रंकॅटमही रशियात माणसांत आढळला आहे. म्हणून इथे हातमोजे दुहेरी आहेत आणि धुण्याच्या पाण्याची वेगळी बादली आहे. पण माणसाला भीती पाणमांजराची नाही, कच्च्या माशाची आहे. नीट शिजवलेल्या माशात कवचातला कृमी मरतो.

आता लहान बाटल्यांची रांग लागली आहे. यकृताचा तुकडा, स्नायूचा तुकडा, केस, मूत्रपिंड. प्रत्येकावर तोच क्रमांक. या बाटल्या पुढे वर्षानुवर्षं टिकतात आणि ज्यानं मागितलं त्याच्या प्रश्नाला उत्तर देतात. मांजरांच्या विष्ठेतून पसरणारा टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी तपासला तेव्हा पाणमांजरांत दहापैकी जवळजवळ चार जणांना त्याची लागण झालेली निघाली. न चिकटणारी भांडी आणि जलरोधक कापड यांत वापरली जाणारी पीएफएएस रसायनं 50 पाणमांजरांत शोधली, तर ती सगळ्यांत सापडली. नमुने गोळा करताना यातला एकही प्रश्न कुणाच्या डोक्यात असेल असं नाही. कुणीतरी जपून ठेवलं होतं, म्हणून विचारता आलं.

हे बघत असताना मला सिंधुदुर्गातल्या खाड्या आणि गोव्यातलं चोडण बेट दिसत राहतं. तिथली पाणमांजरं वेगळी, मऊ केसांची, टोळीनं हिंडणारी. तिथेही नदीवर पूल आहेत, पुलांवर भरधाव गाड्या आहेत, आणि माशांच्या शेततळ्यांतून सुटलेले परके मासे आहेत. आपल्या पाणमांजरांच्या पोटात काय आहे, हे जिवंत जनावराला पकडून बघणं अवघड आहे आणि योग्यही नाही. रस्त्यावर मेलेलं जनावर मात्र ते सांगू शकतं, जर ते झुडपात ढकललं गेलं नाही तर. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली त्याला आपण हात लावू शकत नाही, उचलून घरी नेऊ शकत नाही. पण महाराष्ट्रात वन विभागाचा 1926 हा क्रमांक आहे. जागा सांगायची, नदी सांगायची, आणि शवविच्छेदन कराल का, असं विचारायचं. हा प्रश्न विचारला गेला तरच त्याची सवय लागेल.

“मृत्यूचं कारण?” विद्यार्थी रकान्यावर पेन ठेवून विचारतो.

“गाडी,” संशोधिका म्हणते. “कृमीनं ही मेली नाही. चरबी बघितलीस ना तू? या सुजेसकट ती दोन पिल्लं वाढवत होती.”

तो शाईनं लिहितो. मग ‘इतर निष्कर्ष’ या रकान्यात पित्ताशयाच्या भिंतीची जाडी, कृमींची संख्या, यकृतावरचे व्रण, जठरातला रोच. अर्ध्या पानाची नोंद. ती वाचताना मला जाणवतं की एक नदी आता आहे कशी, हे इतक्या नेमकेपणानं सांगणारं दुसरं काही माझ्या हाती याआधी आलं नव्हतं. पाण्याचा नमुना त्या घटकेचं सांगतो. या मादीनं वर्षानुवर्षं त्या पाण्यातलं जे जे खाल्लं, ते सगळं तिनं साठवून ठेवलंय: औषधं, रसायनं, मासे, कृमी. एका अनोळखी माणसानं पावसात गाडी बाजूला घेतली, म्हणून ते वाया गेलं नाही.

संशोधिका हातमोजे बदलते आणि फ्रीझरची यादी पुढे ओढते. यादीत पुढचं नाव नॉर्फकचं आहे. विद्यार्थी काचेच्या बशा धुऊन मांडतो. तिथे मेटॉर्किस सापडायची शक्यता जास्त, म्हणून तो कृमींच्या आकारांची तुलना करणारा तक्ता भिंतीवरून काढून मायक्रोस्कोपशेजारी ठेवतो, आणि मी पिशवी उघडायला मदत करतो.